आपल्यातला दुसरा माणूस



मी नागपुरात जरीपटक्याला राहतो. जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेचे निशाण. पण आमच्या वस्तीत कानावर जास्त पडते ती सिंधी बोली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे येथे वसली. गिऱ्हाइकाशी हिंदी-मराठी बोलणारा दुकानदार घरात शिरला की सिंधी बोलू लागतो. माणूस तोच, पण दुकानातला वेगळा आणि घरातला वेगळा. आपल्या प्रत्येकाच्या अंगरख्यात असा एक दुसरा माणूस असतो. आज त्याच्याविषयी दोन शब्द सांगतो.

जरीपटक्याहून उत्तरेकडे गेले की सावनेर लागते. तेथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले. वय अवघे ३३. हे गृहस्थ एकटेच तीन जण होते. नाटके लिहीत ती स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ या नावाने, आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. एक रडवी, दुसरा हसवी.

त्यांचे ‘एकच प्याला’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यातला सुधाकर हुशार वकील. कोर्टात खटका उडतो आणि त्याची सनद काही महिन्यांसाठी काढून घेतली जाते. काही महिन्यांचाच प्रश्न! पण वकिली गेली म्हणजे आपणच गेलो, असे त्याला वाटते. अपमान विसरायला तो पहिला प्याला घेतो, आणि सिंधूसारख्या पत्नीसह सारा संसार बुडतो. मला वाटते, सुधाकराजवळ वकिलावाचून दुसरा माणूसच नव्हता. ती रिकामी जागा दारूने भरली.

हे तुम्हाला सांगण्याचे कारण आहे. विस्ताराच्या कामात मी गावोगाव फिरतो. बोंडअळीने कपाशी गेली किंवा काढणीला आलेले सोयाबीन पावसात सडले, की शेतकरी ‘पीक बुडाले’ असे म्हणत नाही, ‘मी बुडालो’ म्हणतो. या बोलाची मला भीती वाटते. त्याचा शेवट कुठे होतो, हे विदर्भात आपण पुष्कळ घरांतून पाहिले आहे.

कपाशीत तुम्ही तुरीची ओळ घालता. कपाशीने दगा दिला तर तूर घर सावरते. मनाच्या शेतातही अशी एक ओळ हवी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा चुरणे करणारी शेतकरी मंडळी रात्री तोंडाला रंग लावून राजा, प्रधान होत आली आहेत. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ज्याला गावाबाहेर कोणी ओळखत नाही, त्या कलावंतालाही एक गोष्ट कळलेली असते. धान कमी पिकले म्हणून आतला राजा मरत नाही.

सर्वांनीच नाटक करावे असे नाही. कोणी भजनात पेटी धरतो, कोणी बैलाची नस ओळखतो, कोणी पोरांना गणित समजावतो. भगिनींनो, लग्नात तुमचे नावसुद्धा बदलायची रीत. पण माहेरी रांगोळी काढणारी, ओव्या म्हणणारी ती मुलगी अजून तुमच्यात आहे. तिला आठवड्यातून एक संध्याकाळ द्या.

असे केल्याने कर्ज फिटणार नाही, कापसाला भावही वाढून मिळणार नाही. त्यासाठी वेगळे झगडावेच लागेल. पण झगडायला माणूस शिल्लक राहील. म्हणून घरातला कर्ता पुरुष ‘मी बुडालो’ म्हणेल, तेव्हा त्याला एकटे सोडू नका. जवळ बसा, जेवायला वाढा, आणि भजनाच्या दिवशी पेटी त्याच्यापुढे सरकवा.