पंप फिरतोय, मग पाणी का येत नाही?



मे महिना आला की आपल्या बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं, "बोअरच्या पंपाने हवा पकडली." पाठोपाठ मोटर जळते, वर्गणी निघते आणि टँकर येतो. यंदा हाच विषय मी नववीच्या वर्गात घेतला. एका मुलीच्या वडिलांचं उल्हासनगरला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. तिने विचारलं, "सर, पाणीच नाही म्हणजे मोटरला काम कमी. मग ती जळते कशी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. काम खरंच कमी होतं. पॅनेलवरचा अँपिअरचा काटा अशा वेळी वर जात नाही, खाली येतो. पण सबमर्सिबलची मोटर पंपाच्या खाली टांगलेली असते आणि तिच्या अंगावरून वर जाणारं पाणीच तिला थंड ठेवतं. पाणी थांबलं की उष्णता तिथेच कोंडते आणि वायंडिंग जातं.

आणि पाणी का थांबतं? घरचं वॉशिंग मशीन आठवा. ड्रायर फिरला की कपडे कडेला चिकटतात, मधली जागा रिकामी राहते. पंपातली चाकंही पाण्याला असंच बाहेर फेकतात, त्यातूनच दाब तयार होतो. हवा पाण्यापेक्षा कितीतरी हलकी, ती कडेला जातच नाही. चाकाच्या तोंडाशी मध्यभागी जमते आणि नव्या पाण्याची वाट अडवते. चाक फिरतं, पण फिरतं हवेत!

आता तेलाच्या विहिरीकडे जाऊ. तिथे वापरण्यासाठी असा पंप आर्मेनियन वंशाच्या आर्मेस आरुत्युनोव्ह या इंजिनिअरने 1920च्या दशकात अमेरिकेत यशस्वी केला. आपल्या बोअरमध्ये पाण्याची पातळी उतरली की हवा शिरते. तेलात मात्र गॅस आधीपासूनच विरघळलेला असतो. सोड्याची बाटली उघडली की दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात ना, तसंच. तेल पंपाकडे येताना दाब कमी होतो, गॅस सुटा होतो आणि चाकाच्या तोंडाशी जमतो. याला 'गॅस लॉक' म्हणतात. थोडा गॅस असेल तर उत्पादन घटतं, जास्त झाला की पंप ठप्प.

उपाय कोणते? पंप आणखी खोल सोडायचा, कारण खाली दाब जास्त आणि गॅस विरघळलेला राहतो. नाहीतर पंपाच्या आधी सेपरेटर बसवायचा. तोही फिरवूनच गॅस वेगळा काढतो आणि नळीबाहेरच्या पोकळीत सोडून देतो. म्हणजे ज्या गुणाने पंप अडला, तोच गुण इथे कामाला लावला! (मुलांना हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचेही सरळ बसले.)

मला सगळ्यात आवडतं ते बॉम्बे हायचं उदाहरण. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर समुद्रात 1974 साली हे तेल सापडलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथे बहुतेक विहिरींत 'गॅस लिफ्ट' वापरतात. गॅस मुद्दाम दाबाने खाली पाठवून तेलाच्या नळीत सोडायचा. तेलाचा स्तंभ हलका होतो आणि विहिरीचा स्वतःचा दाब त्याला वर ढकलतो. खाली मोटर नाही, म्हणजे जळायलाही काही नाही. पंपाच्या चाकात शिरला तर नडणारा गॅस नळीत सोडला की हमाली करतो.

पालकांना एक विनंती. सोसायटीच्या पॅनेलवरचा काटा मुलांना दाखवा. रोजच्यापेक्षा बराच खाली दिसला तर पंप बंद करून बोअरमध्ये पाणी साचू द्यायचं. ड्राय रन रिले हेच काम आपोआप करतो. सभेत खर्चाचा विषय निघेल, पण वायंडिंगचं बिल जवळ ठेवा.

आणि शिक्षकांनो, गॅस लिफ्ट वर्गात दाखवायची तर फिशटँक पुरतो. त्याच्या उभ्या नळीत खालून बुडबुडे सोडले की पाणी टाकीच्या पातळीच्याही वर चढून बाहेर पडतं. आधी मुलांना विचारा, पाणी कोण ओढतंय? उत्तर यायला वेळ लागतो, घाई करू नका.