अल्पाकांच्या गोठ्यात

माझे बालपण मेंढरांमागे चालण्यात गेले. दिवाळी सरली, की फलटणकडची आमची माणसे घोड्यांवर संसार लादून मेंढरांसह कोकणात उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी फिरत. त्या वाटचालीत शाळा वाट्याला आली नाही. अक्षरे गिरवली, ती चाळिशीनंतर. त्यामुळे ‘मला काही येत नाही’ हे वाक्य सदैव माझ्या ओठांवर असे. ते मी शेवटचे केव्हा उच्चारले, हे मात्र नेमके आठवते.

मुलीच्या नोकरीनिमित्त एका वसंतात मी अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात राहिले होते. तेथे एप्रिलमध्ये बर्फ वितळते आणि कच्च्या रस्त्यांवर घोटाभर चिखल होतो. मे उजाडला, की तीच भूमी कोवळ्या गवताने हिरवीगार होते. घराशेजारी एका वृद्ध दांपत्याची लहानशी शेती होती. त्यांनी वीसेक अल्पाका पाळले होते.

अल्पाका हा उंटाच्या कुळातील, पण मदार नसलेला प्राणी. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी विकुना नावाच्या रानटी प्राण्यापासून तो माणसाळवला. उंच मान, काळेभोर डोळे आणि अंगभर मऊ लोकर असे त्याचे रूप. तळपायाला मऊ गादी असल्याने कुरणाची फारशी नासाडी होत नाही. सारा कळप ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, म्हणून खत गोळा करणेही सोपे जाते. मेंढरे ओरडतात, अल्पाका तोंड मिटून गुणगुणतो. ते गुणगुणणे ऐकायला मी रोज सकाळी कुंपणाशी उभी राहत असे. मालकीणबाईंना मराठी येत नव्हते आणि मला इंग्रजी. एके दिवशी त्यांनी हसून माझ्या हाती फावडे दिले. खत ओढता ओढता आमची ओळख वाढली.

मेमध्ये लोकर कातरणारे आले. ते या शेतावरून त्या शेतावर फिरत असतात. जनावराचे पाय दोरांनी ताणून त्याला आडवे करायचे आणि विजेच्या कातरीने काही मिनिटांत लोकर उतरवायची. त्याच वेळी वाढलेली नखे आणि दातही कापून घेतात. पाठीची व कुशीची उत्तम लोकर वेगळ्या पिशवीत, मानेची व पायांची वेगळ्या पिशवीत. मी एक मूठ हातात घेतली. तिला मेंढीच्या लोकरीसारखा तेलकटपणा नव्हता. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचे घोंगडे ऊन-पाऊस झेलते, पण आता तिच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. त्या मऊ लोकरीला हात लावताना मला वडिलांची गंजलेली कातर आठवली.

त्याच आठवड्यात एक मादी व्याली. अल्पाका अकरा-साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा दिवसाउजेडी विते. पिलाला तेथे ‘क्रिया’ म्हणतात, हे ऐकून मला गंमत वाटली. पिलू तासाभरात उभे राहिले आणि आईच्या पोटाखाली शिरून चुटुचुटु आवाज करू लागले. ते दूध पीत आहे, असे समजून मालकीणबाई निश्चिंत झाल्या. दुपारी मात्र ते मान टाकून बसले. जनावरांचे डॉक्टर दूरच्या गावी गेले होते. मालकीणबाईंनी मला हाक मारली. ‘मला काही येत नाही,’ असे पुटपुटतच मी आत गेले.

सवयीने मी पिलाच्या तोंडात बोट घातले. तोंड थंड होते. याचा अर्थ वडिलांनी मला सातव्या वर्षीच शिकवला होता: पोटात चीक गेलेला नाही. पिलाला आईच्या पोटात रोगांशी लढण्याची शक्ती मिळत नाही. ती या चिकातूनच मिळते आणि तीही पहिल्या दिवसातच. मी मादीच्या कासेला हात घातला. मेंढीला दोन आचळे असतात, हिला चार. चारही आचळांची तोंडे मेणासारख्या बुचांनी बंद होती. पिलू नुसतेच चोखत होते. मी हलक्या हाताने एकेक बूच पिळून काढले. दाट, पिवळसर चीक बोटांवर आला. मालकीणबाईंनी पिलाचे अंग गरम कापडाने चोळले, मी त्याचे तोंड आचळाला लावले. बराच वेळ गेला. मग त्याच्या घशाची हालचाल माझ्या तळहाताला जाणवली.

त्या शेतावर प्रत्येक पिलाचे वजन रोज वहीत लिहीत. तिसऱ्या दिवशी काट्यावर सोळा पौंड, म्हणजे सुमारे सव्वासात किलो, भरले. मालकीणबाईंनी वही आणि पेन माझ्यापुढे सरकवले. मी क्षणभर थांबले आणि मला येत होते त्या अक्षरांत लिहिले: १६. त्यांनी ते खोडले नाही. शेजारी आपल्या लिपीतला आकडा लिहून त्यांनी वही मिटली.