पर्यटकाचे पाकीट आणि डॉलरचे सोने

२०१३ सालच्या ऑगस्टची अखेर होती. दक्षिणेतील एका विमानतळावर प्रवाशांचे सामान तपासणाऱ्या पथकावर माझी देखरेख होती. २६ ऑगस्टपासून सपाट पडद्याच्या टीव्हीला प्रवासी सामानातील करमुक्त सवलत मिळेनाशी झाली होती. त्याआधी पस्तीस हजार रुपयांच्या सवलतीत बसणारा टीव्ही आखातातून परतणारा माणूस निर्धास्तपणे घेऊन येत असे. आता त्याच्या पूर्ण किमतीवर ३६.०५ टक्के शुल्क लागू झाले होते. पहिल्याच रात्री उदगीरकडचा एक इलेक्ट्रिशियन समोर उभा राहिला. तीन वर्षांनी घरी परतत होता. माझ्या छातीवरील पट्टीवरचे आडनाव वाचून तो मराठीत बोलू लागला. तीस हजारांच्या टीव्हीवर जवळपास अकरा हजार भरायचे आहेत, हे ऐकून तो गप्प झाला. मी त्याला चालू खात्यावरील तूट म्हणजे काय ते समजावून सांगितले. २०१२-१३ या वर्षी ती अठ्ठ्याऐंशी अब्ज डॉलरवर गेली आहे, रुपया घसरतो आहे, परकीय चलन वाचवायला हवे, असे सगळे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ''साहेब, म्हणजे माझ्या टीव्हीनं रुपया पडला का?''

त्याला द्यायला माझ्याकडे पावती होती, उत्तर नव्हते. ते शोधता शोधता मी भलतीकडेच, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. प्रवाशाच्या पाकिटाचा आणि राष्ट्राच्या चलनाचा संबंध तेथे जितका उघडपणे दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल.

व्यवहारतोलाच्या हिशेबात परदेशी गेलेला प्रवासी हा आयातदार असतो. पॅरिसमध्ये जेवलेल्या अमेरिकनाने फ्रेंच जेवण आयातच केलेले असते; फरक इतकाच की ते जहाजावर चढत नाही, खाणाराच तेथे जातो. फ्रान्सच्या बाजूने ती निर्यात ठरते. १९४५ नंतरच्या युरोपला अशा निर्यातीची नितांत गरज होती. यंत्रे, गहू, कोळसा सारे डॉलर मोजून अमेरिकेकडून घ्यायचे होते आणि विकायला हाताशी फारसे काही नव्हते. कारखाने मोडले होते. परंतु लूव्र, आल्प्स आणि व्हेनिस जागेवर होते. १९४८ साली मार्शल योजनेचा कायदा झाला, तेव्हा अमेरिकन नागरिकांच्या युरोप-प्रवासाला उत्तेजन देण्याची तरतूद त्या कायद्यातच करण्यात आली. परदेशातून करमुक्त आणता येणाऱ्या वस्तूंची मर्यादा पूर्वी शंभर डॉलर होती. ती १९४८ मध्ये चारशे आणि १९४९ मध्ये पाचशे डॉलर झाली. जा, खर्च करा, खरेदी करून या, असे सरकारच सांगत होते. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणले (आपला रुपयाही त्याबरोबर उतरला), तेव्हा लंडनमधील हॉटेलाची तीच खोली अमेरिकन पाहुण्याला एका रात्रीत तीस टक्के स्वस्त झाली. त्या सुमारास खुद्द ब्रिटिश गृहिणीला मांस शिधापत्रिकेवर मिळत होते आणि ते तसे १९५४ पर्यंत मिळत राहिले.

१९५२ मध्ये अटलांटिकवरील विमानांत स्वस्त पर्यटक श्रेणी सुरू झाली. १९५७ मध्ये आर्थर फ्रॉमर यांनी रोज पाच डॉलरमध्ये युरोप कसा पाहावा हे सांगणारे पुस्तक काढले. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन अ‍ॅमचे जेट विमान न्यू यॉर्कहून पॅरिसला उडाले. मौज अशी की, त्याच १९५८ साली अमेरिकेच्या तिजोरीतून दोन अब्ज डॉलरहून अधिक सोने बाहेर गेले.

हे कसे घडते? ब्रेटन वुड्‌सच्या व्यवस्थेत पस्तीस डॉलरला एक औंस सोने देण्याची हमी अमेरिकेने परकीय मध्यवर्ती बँकांना दिली होती. पर्यटकाने पॅरिसच्या कॅफेत दिलेला डॉलर मालकाकडून त्याच्या बँकेत आणि तेथून बँक ऑफ फ्रान्समध्ये जाई. जोवर युरोपला डॉलरची भूक होती तोवर तो अमेरिकन यंत्रांच्या खरेदीसाठी परत येत असे. युरोप सावरला, भूक भागली, आणि उरलेले डॉलर सोने मागू लागले. द गॉल यांनी तर फेब्रुवारी १९६५ मध्ये पत्रकार परिषदेतच सोन्याचा पुरस्कार केला. रॉबर्ट ट्रिफिन या अर्थतज्ज्ञाने १९६० मध्येच यातील पेच दाखवून दिला होता: जगाला डॉलर पुरवायचे तर अमेरिकेला तूट सोसावी लागणार, आणि तूट वाढली की डॉलरवरचा विश्वास कमी होणार.

मग ज्या हाताने पर्यटकाला निरोप दिला, तोच हात त्याची कॉलर धरू लागला. फेब्रुवारी १९६१ मध्ये केनेडी यांनी मागणी केली आणि त्याच वर्षी पाचशे डॉलरची सवलत पुन्हा शंभरावर आली. १९६५ मध्ये ते शंभर डॉलर घाऊक किमतीऐवजी किरकोळ किमतीने मोजावेत असे ठरले. माझ्या व्यवसायातील माणसाला हा बदल किती टोचणारा आहे ते लगेच कळेल. आकडा तोच राहतो आणि सवलत आक्रसते.

१ जानेवारी १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी पश्चिम गोलार्धाबाहेरचा अनावश्यक प्रवास दोन वर्षे पुढे ढकलण्याचे आवाहन देशवासीयांना केले. प्रवासखात्यावरील तूट दोन अब्ज डॉलरहून अधिक होती; ती पन्नास कोटींनी कमी करायची होती. न्याय्य बोलायचे तर त्या कार्यक्रमात कंपन्यांच्या परदेशी गुंतवणुकीवर सक्तीचे निर्बंध होते, आणि परदेशातील सरकारी खर्चातही तेवढीच, पन्नास कोटींची कपात योजलेली होती. परंतु व्हिएतनाममध्ये पाच लाखांच्या आसपास सैनिक ठेवणाऱ्या सरकारने शाळामास्तराला रोमला जाऊ नकोस म्हणावे, हे लोकांच्या पचनी पडेना. त्यावर कळस म्हणजे कराचा प्रस्ताव. दिवसाला सात डॉलरपर्यंतचा खर्च करमुक्त, सात ते पंधरा डॉलरवर पंधरा टक्के, त्यापुढे तीस टक्के! म्हणजे फ्रॉमर यांचा काटकसरी वाचक यातून सहीसलामत सुटत होता. मला मात्र राहून राहून त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यांची दया येते, ज्यांना परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने नेलेले आणि उरलेले पैसे मोजून दिवसांनी भागायचे होते. हा कर अखेर कायदा होऊ शकला नाही.

प्रशासनाचा एक स्वभाव यात मला दिसतो आणि तो माझाही आहे. तूट अनेक वाटांनी गळत असते. त्यांपैकी बहुतेक वाटा युद्ध, भांडवल, तेल अशा दूरच्या आणि बलवान ठिकाणी असतात. प्रवासी मात्र रांगेत, आपल्या टेबलासमोर, सामान उघडून उभा असतो.

अमेरिकेचा प्रश्न प्रवासी थांबवून सुटला नाही. १९४९ च्या सुमारास साडेचोवीस अब्ज डॉलरचे असलेले सोने १९७१ पर्यंत दहा अब्जांच्या आसपास उतरले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले. युरोपातील चलनबाजार काही दिवस मिटले, आणि भर उन्हाळ्यात तेथे फिरणाऱ्या अमेरिकनांचे प्रवासी धनादेश वटवायला अनेक हॉटेले राजी होईनात. १९७३ पासून प्रमुख चलने तरंगू लागली. पुढे डॉलर स्वस्त झाला की परदेशी पाहुणेच अमेरिकेत येऊ लागले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेचे प्रवासखाते प्रथमच शिलकीत गेले.

उदगीरच्या त्या माणसाला आज मी काय सांगितले असते? त्या वर्षीच्या तुटीत तेल आणि सोने यांचा वाटा किती मोठा होता ते कदाचित सांगितले असते. शिवाय तीन वर्षे दरमहा दिरहम घरी धाडणारा तो, हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला, जमेच्या रकान्यात उभा होता. त्या रात्री हे मला सुचले नाही. त्याने मित्राकडून उसने घेऊन रक्कम भरली, खोका ढकलगाडीवर पुन्हा दोरीने नीट बांधला आणि बाहेर गेला. पुढच्या काही महिन्यांत आमच्या पट्ट्यावर टीव्हीचे खोके कमी झाले. सोन्यावरील शुल्कही त्याच ऑगस्टमध्ये दहा टक्के झाले होते; इस्त्री, मिक्सर आणि चपलांचे तळवे उघडून पाहण्याचे काम मात्र वाढले.