एका आडनावाचे दोघे

नागपुरात सदरमध्ये रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बंगल्याच्या फाटकाशी दोन मोहर उभे आहेत. एक गुल, एक नील. नातं म्हणाल तर कवडीचं नाही. गुलमोहर चिंच-बाभळीच्या गोतातला, नीलमोहर टेटूच्या. पानं तेवढी सारखी झिरमिळी, म्हणून आपण दोघांना एकच आडनाव देऊन टाकलं. खरा मोहर आंब्याचा. त्याला कुणी विचारलंच नाही.

गुलमोहर म्हणजे लग्नघरातला मामा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की अख्खं सदर कूलरपुढे आडवं होतं आणि याला तेव्हाच उधाण येतं. पोरांचा तर फारच लाडका. त्याच्या पाच पाकळ्यांतली ठिपक्यांची एक आम्ही आंबट म्हणून चघळायचो, कळ्या फोडून आतल्या तुऱ्यांची झुंज लावायचो, वाळक्या शेंगांच्या तलवारी करायचो. दोष एकच, मुळं उथळ. वादळ आलं की आधी याची फांदी तारांवर पडते आणि रात्रभर गल्ली अंधारात त्याचा उद्धार करते.

नीलमोहर अबोल. एखाद्या सकाळी स्कूटरच्या सीटवर जांभळ्या नळकांड्या पडलेल्या दिसल्या, की कळतं, हा फुलला.

दोघेही परदेशी. गुलमोहर मादागास्करच्या कोरड्या रानातला, नीलमोहर बोलिव्हिया-अर्जेंटिनाकडचा. साताऱ्यात 1 मेला गुलमोहर दिन होतो, तेव्हा याच्या माहेरची आठवण कुणाला असेल? धोक्यातल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत 1998 मध्ये दोघांच्याही नावापुढे 'असुरक्षित' असा शेरा होता. गुलमोहराचा शेरा पुढे पुसला. आता त्याची फारशी काळजी नाही. नीलमोहराचा मात्र कायम आहे, कारण त्याची मूळ रानं शेतीसाठी तुटताहेत. हाच नीलमोहर दक्षिण आफ्रिकेत उपरा आणि पसरणारा ठरलाय. तिथलं प्रिटोरिया शहर मात्र त्याच्याच नावानं ओळखलं जातं. घरी ठाव नाही आणि बाहेर जास्त झाला, अशी ही गत.

आमच्या गल्लीत ही यादी कुणी वाचलेली नाही. इथे 1975 चा झाडांचा कायदा तेवढा लागू, आणि त्याच्या लेखी दोघेही नुसतीच झाडं. बंगला विकला गेल्याचं कानावर आहे. परवा फाटकाशी थांबलो, तर दोन्ही बुंध्यांवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेले दिसले. गुलमोहर सात, नीलमोहर आठ.