अटकेसोबत बंगालही

इतिहास तापवूनच शिकवावा, असं माझं पक्कं मत होतं. धारणीच्या आमच्या वर्गात कोरकू पोरं बरीच. पुस्तकातल्या राजवाड्यांत आणि दरबारांत त्यांना आपलं माणूस सापडत नाही. देश आपला वाटायचा असेल तर विजयाच्या गोष्टी त्यांना अंगावर काटा येईल अशाच सांगायला हव्यात, असं मी मनापासून मानत होतो. म्हणून १७५८ ची अटकेची स्वारी माझ्या वर्गात रंगायची. पानिपतच्या तासाला पोरांचे डोळे भरून यायचे. १६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी फौजेनं ढाक्यात शस्त्रं खाली ठेवली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या हाती आले, हे सांगताना वर्ग टाळ्यांनी दणाणून जायचा.

आज माझं मत ते राहिलेलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांना ढाका सोडावं लागलं, तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, बांगलादेश त आपनच बनवून देल्ला ना? मंग एवढे नमकहराम कसे निंगाले?’’ दुसऱ्यानं बोलता बोलता पानिपतच्या लढाईतल्या अब्दालीला पाकिस्तानी करून टाकलं. मोबाइलवरच्या रील्सना दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण अब्दाली कंदाहारचा आणि पाकिस्तान १९४७ चा, हे माझ्या तासात ठासून कधी सांगितलं गेलं नव्हतं. मुक्तिवाहिनी एका वाक्यात उरकली जायची. स्वतःच्या देशासाठी स्वतः लढलेली बंगाली माणसं या पोरांना भेटलीच नव्हती, मग त्यांना उपकाराची भाषा सुचणारच.

त्याच सुमारास आमच्या शाळेतल्या एका बाईंशी बोलणं झालं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा भागात वसवलं गेलं, त्यांतलं त्यांचं कुटुंब. त्यांची आजी नातवंडांना निजवताना बर्गींची भीती घालणारं गाणं म्हणायची. हे बर्गी कोण, असं मी विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आपल्याच नागपूरकर भोसल्यांचे बारगीर, सर.’’

रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या, हे मला माहीत होतं. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं वर्षाला १२ लाखांची चौथाई कबूल केली, हेही पाठ होतं. पण खाली जमिनीवर काय झालं ते मी पहिल्यांदाच नीट वाचलं. गावं जळाली, पिकं गेली, माणसं गंगा ओलांडून पूर्वेकडे पळाली. गंगाराम नावाच्या त्या काळच्या बंगाली कवीनं हे सगळं ‘महाराष्ट्र पुराण’ नावाच्या काव्यात लिहून ठेवलं आहे. कलकत्त्यात तर मराठ्यांच्या धास्तीनं खंदक खणायला घेतला होता.

गाविलगडाच्या सहलीत हे सगळं मी पोरांना सांगितलं. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं तो गड घेतला तेव्हा तो भोसल्यांचाच होता. किल्लेदार बेणीसिंग लढता लढता पडला. ते ऐकून पोरांनी जयजयकार केला. मग बंगालची गोष्ट निघाली आणि सगळी गप्प झाली. एका मुलीनं विचारलं, ‘‘मंग तिथले पोरं आपल्याले अब्दालीच समजत असतीन का?’’

इतक्या वर्षांत माझ्या वर्गात इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता.

अशानं पोरांचा अभिमान जातो, असं काही सहकारी म्हणतात. मला तसं दिसत नाही. बेणीसिंगाचा जयजयकार अजून होतो, व्हावाही. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहीमखान गारद्यानं सांभाळला आणि त्यापायी जीव दिला, हे ऐकून पोरं हळहळतात. शेजारच्या देशाबद्दल बोलताना मात्र आता ‘ते सगळे’ म्हणण्याआधी एखादं पोर अडखळतं. नववीच्या राज्यशास्त्रात शेजारी देशांशी असलेल्या संबंधांवर धडा आहे. पण शेजाऱ्याबद्दलचं मत त्याच्या कितीतरी आधी, सातवीतल्या मराठ्यांच्या इतिहासातच तयार होऊन बसतं, हे मला आता पटलं आहे.

म्हणून वऱ्हाडातल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे. अटक शिकवाल त्याच आठवड्यात बंगालही शिकवा. भोसल्यांचे किल्ले आपल्या उशाशी आहेत, त्यांच्या स्वाऱ्यांची ही बाजू आपण नाही सांगायची तर कोणी सांगायची?