लोखंड की ॲल्युमिनियम?

बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे आडवाटेला लागलं की रस्ता कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो ते कळत नाही. माझा पुतण्या थार घेऊन त्याच बाजूला सारखा फिरतो. त्याला पुढे दणकट बंपर आणि इंजिनखाली पत्रा बसवायचा होता. अर्धे मित्र म्हणाले लोखंडी, अर्धे म्हणाले ॲल्युमिनियम. वहिनी म्हणाल्या, "जाड लोखंडच घाल की." माझा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हापासून त्यांचा भरवसा फक्त लोखंडावर. "काका, तुम्हीच सांगा," म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. मी बी.कॉम., आयुष्य बँकेत गेलं. ताळेबंद मांडूनच बघितला.

आधी वजन. एका घनसेंटिमीटरला पोलाद ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७. पण ॲल्युमिनियम तेवढं ताठ नसतं, म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो. एक मीटर बाय साठ सेंटिमीटरचा ४ मिलिमीटर पोलादी पत्रा साधारण १९ किलो भरतो. ॲल्युमिनियमचा ६ मिलिमीटर घेतला तर १० किलोच्या आत. म्हणजे वजन एक तृतीयांश नाही, निम्मं. तेही कमी नव्हे. गाडीच्या नाकावर ओझं वाढलं की पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि मायलेज उतरतं.

मग दुरुस्ती. पोलाद मार लागला की वाकतं. घणानं ठोकून सरळ होतं, खानापुरातला कुठलाही वेल्डर सांधून देतो. ॲल्युमिनियमला तडा जायची भीती जास्त, आणि नीट सांधायचं तर आर्गॉन गॅसचं वेल्डिंग लागतं. दगडावरून घासताना पोलाद सरकतं, ॲल्युमिनियम मऊ असल्यानं खरवडून अडकतं. उलट पोलादाचा रंग उडाला की आपल्या पावसात गंज आलाच. ॲल्युमिनियम तसं गंजत नाही, पण त्याला लोखंडी बोल्ट लावले तर ओलाव्यात बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम खायला लागतं.

आपल्या गावात इंडालचा, आताच्या हिंडाल्कोचा, कारखाना असल्यामुळे ॲल्युमिनियम म्हणजे नाजूक असं मी कधी मानलं नाही. १९४८ ची पहिली लँड रोव्हर बघा. युद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून चेसिस पोलादी आणि अंगावरचा पत्रा ॲल्युमिनियमचा केला. ज्या जागी जे लागतं ते तिथे.

इथपर्यंत हिशेब सोपा होता. पुढच्या बंपरपाशी मी थांबलो. ऐंशीच्या दशकात मी तालुक्याच्या शाखेत असताना आमच्या एका कर्जदारानं जीपला पुढे जाड पाइपाचा गार्ड लावला होता. सायकलवाल्याला धडक बसली. जीपवर ओरखडा नाही. त्या माणसाचा पाय गेला. गाडी शाबूत होती म्हणून बँकेचं तारण शाबूत होतं, एवढंच काय ते.

वहिनींना मी हेच समजावलं. कंपनीचा बंपर आणि त्यामागचा भाग चेपण्यासाठीच केलेला असतो. तो चेपतो तेव्हा धक्का जिरतो, आतला माणूस वाचतो. एअरबॅगचे सेन्सरही त्याच हिशेबानं बसवलेले असतात. पुढे लोखंडी गार्ड आला की तो धक्का आत पोचतो आणि समोरच्या पादचाऱ्याला तर थेट लोखंडच लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत, कारवाई करा, असं राज्यांना कळवलं ते यासाठीच. विम्याचा दावा अडकायची जोखीम वेगळी.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्या वेळी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही विचारलं नाही.

ठरलं ते असं : पुढचा बंपर कंपनीचाच. इंजिनखाली ४ मिलिमीटरचा पोलादी पत्रा, कारण आपल्याकडे जांभ्या दगडावर गाडी टेकते आणि वेल्डर जवळ मिळतो. दर पावसाळ्यानंतर रंगाचा हात. जो मुख्यतः हायवेला फिरतो आणि वर्षातून एखाद्या वेळी रानात जातो, त्यानं ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा, माझी हरकत नाही.

कर्ज देताना आम्ही विचारायचो, तारण कसलं? मुलांनो, गाडीला काही लावण्याआधी तुम्हीही विचारा, वाचवायचं कोणाला? गाडीला, की माणसाला?