खोली मिळाली का?

रक्ताच्या कॅन्सरचा पेशंट घेऊन मुंबईला गेलेल्या माणसाला आमच्या बुलढाण्याकडून फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'खोली मिळाली का?' शेगावला बसा की मलकापूरला, मुंबई पाचशे किलोमीटरच्या घरात. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ करते. पण गाडीतून उतरल्यावर राहायचं कुठे?

म्हणूनच वॉर्डात भरती न होता स्टेम सेल ट्रान्सप्लांट करता येतं, हे वाचून मी थबकलो. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात डॉ. रुइस-अर्ग्वेयेस यांनी पेशंटच्याच रक्तातून काढलेल्या मूळपेशी गोठवल्या नाहीत. साध्या फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत शिरेतून परत दिल्या आणि पेशंटला घरी पाठवलं. खर्च कितीतरी उतरला. गरीब मुलखातल्या डॉक्टरांनी शोधलेली ही वाट मला फार मोलाची वाटते.

मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आधी मेल्फालान या केमोच्या औषधाचा जबर डोस देतात. तो चालू असताना तोंडात बर्फाचे खडे धरायचे, म्हणजे तोंड कमी सोलतं. मग पेशी परत द्यायच्या. खरी कसोटी पुढच्या दहा-बारा दिवसांची. रक्तपेशींचे काउंट पार खाली गेलेले असतात. रोज रक्त तपासायला जायचं आणि खोलीवर परतायचं. ताप १००.४ वर गेला की मध्यरात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा. त्यामुळे खोली जवळ हवी, पाणी उकळलेलं हवं आणि चोवीस तास सोबतीला माणूस हवं.

आमच्या काकूंचं ट्रान्सप्लांट वॉर्डातच झालं, पण सुट्टीनंतर खोलीवर तेच सुरू झालं. त्यांच्या सुनेची शंभर पानी वही मी पाहिली आहे. वेळ, ताप, किती घास गेले, लघवी किती झाली, सगळं तिच्या बारीक अक्षरात. रात्री तीनच्याही नोंदी आहेत. गावाकडे पेरणी तोंडावर आलेली. काकू दर फोनला विचारायच्या, "अन् वावर कोन पाहीन?"

देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. परळच्या या रुग्णालयात येणाऱ्यांना दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आसरा देते. आमच्या वऱ्हाडातल्या संताचं नाव तिथे अजून माणसं सांभाळतं. पण टाटाचं ट्रान्सप्लांटचं काम आता खारघरला चालतं. तापलेला पेशंट घेऊन दादरहून तिथे पोचायला लागणारा वेळ अशा उपचाराला परवडणारा नाही.

आपल्या सरकारी योजना मुख्यतः भरतीभोवती आखलेल्या आहेत. ओपीडीतलं ट्रान्सप्लांट इथे रुजवायचं असेल, तर दवाखान्याजवळची खोली आणि सोबत्याची बुडालेली मजुरी हासुद्धा उपचाराचाच खर्च धरावा लागेल. नाहीतर दवाखान्याची वाचलेली खाट सुनेच्या अंगावर पडेल, आणि तिचा बुडालेला हंगाम कोणीच मोजणार नाही.